बांधणी आणि लेखन (प्राथमिक वर्गातील)

पहिली-दुसरीच्या मुलांनी हाताने एखादी वस्तू बांधायची, ती टिकते का ते पाहायचे आणि काय घडले ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे, असा हा वर्गातील उपक्रम. तो बहुधा कार्यानुभवाच्या किंवा भाषेच्या तासाला घेतला जातो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून होणाऱ्या शोभेच्या वस्तूंहून तो वेगळा. इथे वस्तूला काम असते, आणि ती पहिल्या खेपेला फसली की लिहिण्याजोगे काही हाती लागते.

मुंबईत शाळा जूनमध्ये पावसाच्या तोंडावर उघडतात, म्हणून छपराचा पाठ इथे फार चांगला जमतो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापूस ठेवायचा, तोंडावर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधायची आणि तांब्याने पाणी ओतायचे. मधोमध पाणी साचते, पिशवी खाली झोल खाते, दोरा निसटतो, कापूस भिजतो. घरावर निळी ताडपत्री पाहिलेले मूल लगेच ओरडते, “बाई, पोट सुटलं!” मग मातीच्या गोळ्यात आईस्क्रीमची काडी उभी करून पिशवीला उतार देतात. आता पाणी ओघळून जाते. वहीत उमटते ते असे : ‘मदे काडी लावली. पानी खाली गेल. कापूस सुका.’ क्रम आहे, कारण आहे, परिणामही आहे. फळ्यावरून उतरवलेल्या दहा ओळींत एवढे नसते. ‘पानी’वर त्याच दिवशी लाल शाई चालवू नये. शुद्धलेखन पुढच्या आठवड्यात पाहता येते, सांगण्याची उमेद गेली की ती परत आणणे अवघड.

महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात आणि मराठी वर्गातही घरची बोली वेगळी असलेली मुले असतात. ‘उतार’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याने तो हाताने केलेला असतो. शब्द मागून येतो.

हातकामातून शिकण्याची कल्पना जुनीच. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि परिसरात सापडणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साधने घडवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ व कृतीवर भर आहे.

मुंबईत अडते ते जागेवर. दाटीने मांडलेल्या बाकांमुळे काम व्हरांड्यात करावे लागते. दिवाळीची सुट्टी मात्र शिक्षकांनी वाया घालवू नये. चाळीच्या अंगणात विटा, पोती आणि मातीचा किल्ला बांधून आलेल्या मुलाला विचारावे, बुरूज कशाने ढासळला, अळीव कधी उगवले.