देवाजवळ कुणी बसायचं?

'उपासना' या शब्दाचा मूळ अर्थ फार साधा आहे. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. देवाची उपासना म्हणजे देवाजवळ बसणं. मग जवळ कसं बसायचं, मध्ये कुणी असावं का, आणि बसू कुणाला द्यायचं, यावर पुण्यात एकोणिसाव्या शतकापासून कडाक्याचे वाद झाले.

घरोघरी चालत आलेली रीत षोडशोपचार, म्हणजे सोळा उपचारांच्या पूजेची. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य... हा सरळ पाहुणचाराचा क्रम आहे. आलेल्याला बसायला पाट, पाय धुवायला पाणी, शेवटी पोटभर जेवण. याला नुसतं कर्मकांड म्हणून झटकणं मला अन्यायाचं वाटतं. रोज पहाटे सहाणेवर चंदन उगाळणाऱ्या आजीला तो घरी आलेला देवच असतो. पण याच पूजेला सोवळंओवळं, मंत्रांचा अधिकार आणि दक्षिणाही चिकटून आली.

१८७० मध्ये पुण्यात प्रार्थना समाज सुरू झाला. मूर्ती नको, एकत्र बसून प्रार्थना करावी, असा त्याचा आग्रह. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर तिथे तुकोबांच्या अभंगांचा आधार घेत. विचार मोठा होता, पण तो बराचसा शिकलेल्या वर्गातच राहिला.

प्रश्न मुळाशी नेला तो जोतीराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन झाला. आईला भेटायला किंवा बापाला प्रसन्न करायला जसा मध्यस्थ लागत नाही, तसा देवाच्या भक्तीलाही लागत नाही, ही त्याची भूमिका. देवाला जोतीराव 'निर्मिक', म्हणजे निर्माण करणारा, म्हणत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त पूजा, नामस्मरण, नैवेद्य यांवर एकेक करून प्रश्नोत्तरं आहेत. ज्याने फुलं निर्माण केली त्यालाच ती तोडून वाहायची कशाला, हा त्यातला विचार आजही परडी हातात घेताना थांबवतो.

फुल्यांनी मध्यस्थ काढला, तरी देवळाचं दार बंदच होतं. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही मंडळी पुढे होती. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांची साथ होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ज्यांना फक्त देवासमोर उभं राहायचं होतं, त्यांना देवाच्याच नावाने दगड मारले गेले. पुण्याच्या धार्मिक इतिहासातलं हे पान मला सर्वांत जास्त बोचतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. मंदिरप्रवेशाचा मुंबई प्रांताचा कायदाही त्याच वर्षीचा.

दरवर्षी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते. त्या दिवशी आसपासच्या गल्ल्यांत कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी सुजलेल्या पायांना तेल लावून देतं. पैसे विचारले तर हात जोडतात, आणि वारकरीही उलट वाकून त्यांच्याच पाया पडतो.