रोलर कोस्टरचा उभा खांब आणि तिरका खांब

नोलिमिट्स २ या संगणकावर रोलर कोस्टर बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पहिला स्टील कोस्टर बांधला तेव्हा त्याखालचे सगळे खांब उभे होते. दर सहा मीटरवर एक, लग्नाच्या मांडवासारखे. रूळ छान जमला होता, गाडीही मजेत धावत होती, पण स्क्रीनशॉट पाहिला की काहीतरी खोटं वाटायचं. सॉफ्टवेअर यात मदत करत नाही. खांबांवर किती जोर येतो याचा हिशोब ते मांडतच नाही. काडीएवढ्या पाइपवर शंभर मीटरची टेकडी ठेवली तरी ती पडत नाही. १९९९ चा रोलरकोस्टर टायकून खेळून मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना तर रुळाखाली आपोआप उगवणाऱ्या खांबांची सवयच लागलेली.

घोटाळा होतो कारण दोन्ही दिसायला पाइपच. वर रुळाला जोडलेले, खाली काँक्रीटवर बोल्टांनी आवळलेले. पण उभा खांब मुख्यतः वजन पेलतो आणि तिरका खांब गाडीचा बाजूचा रेटा घेतो. वळणावर हा रेटा वजनाच्या दुप्पट-अडीचपट सहज होतो.

एसटीत उभ्याने घाट उतरला असाल तर हे तुमच्या पायांना आधीच ठाऊक आहे. बस डावीकडे वळली की अंग उजवीकडे जातं, आणि न सांगता उजवा पाय बाजूला रोवला जातो. दोन्ही पाय जुळवून ताठ उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो.

आता आकडे घालू. समजा १० टनांची गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने, २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आली. वजनाचा १० टन जोर खाली, आणि वळणाच्या बाहेर सुमारे २५ टन. दोन्ही मिळून २७ टन, आणि त्याची दिशा उभ्या रेषेपासून जवळजवळ ६९ अंश कललेली. म्हणजे जमिनीकडे कमी, आडवाच जास्त. नुसत्या उभ्या खांबाला हा जोर दाबत नाही, वाकवतो. आणि पाइप दाबाखाली जेवढं सोसतो तेवढं वाकवल्यावर सोसत नाही.

तिथेच दोन पाय फाकवून ठेवा, दोन्ही उभ्या रेषेपासून ३० अंशांवर. बाहेरच्या पायावर साधारण ३१ टन दाब येतो. आतल्या पायात मात्र दाब नाही, १९ टन ओढ! तो पाय रुळाला उचलून धरत नाही, खाली धरून ठेवतो. (रुळाचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, ते धरलं तर ओढ थोडी घटते.) हे गणित कळलं त्या दिवशी मी अर्धा कोस्टर पुसला.

दर वळणाला आकडेमोड करायची गरज नाही. नीट कललेल्या रुळावर प्रवासी आसनात सरळ दाबला जातो. त्याच्या डोक्यापासून आसनातून खाली रेघ ओढा. ती ज्या बाजूला जमिनीकडे जाते, तिकडे तिरक्या खांबाचा पाय हवा.

मग उभा खांब कुठे? चढाच्या टेकडीवर, जिथे साखळी गाडीला सावकाश ओढत नेते. तिथे वजन आणि वारा एवढंच बघायचं. उंची मात्र त्रास देते: त्याच जाडीचा खांब दुप्पट लांब केला की वाकून निसटण्याआधी पेलायची ताकद चौथाईवर येते. म्हणून उंच खांब जाड पाइपाचे असतात किंवा मध्ये आडव्या-तिरक्या पाइपांनी बांधलेले असतात. नवशिके उंच जागी खांबांची गर्दी करतात आणि खालच्या दरीत एखादाच ठेवतात. खरं तर उतार संपतो त्या दरीत गाडी चार जीने, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट जोराने, रूळ दाबू शकते; तिथे खांब बुटके, पण एकमेकांच्या जवळ लागतात. ब्रेकच्या पट्ट्यात तिरका खांब बाजूला नव्हे, रुळाच्या दिशेने लावा. गाडी थांबते तेव्हा रूळ पुढे ढकलला जातो.

अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमध्ये फ्युरी ३२५ हा ३२५ फूट उंच कोस्टर आहे. जून २०२३ मध्ये त्याच्या एका खांबाला वरच्या बाजूला आरपार तडा गेलेला एका पाहुण्याने टिपला. व्हिडिओत गाडी येते तसा तुटलेला भाग सरकताना दिसतो. गाडी रुळावरच राहिली, कोणाला इजा झाली नाही. खांब बदलून कोस्टर १० ऑगस्टला पुन्हा सुरू झाला. खांबांची रचना शिकायला तो व्हिडिओ मी कितीदा थांबवून पाहिला असेल.

अमेरिका लांब वाटत असेल तर खोपोलीजवळ इमॅजिकात नायट्रो आहे, बी अँड एम या स्विस कंपनीचा. रांगेत फोन खिशात ठेवा आणि एकेका वळणाखाली कोणता पाय दाबाखाली आहे, कोणता ओढीखाली, ओळखून पाहा. मी हल्ली एडिटरमध्ये आतल्या पायाखालचा काँक्रीटचा ठोकळा मुद्दाम मोठा करतो. ओढ खाणाऱ्या पायाला जमिनीत धरून ठेवायला स्वतःचं वजन लागतं.