क्रेडिट अहवाल आणि बँकेचे शुल्क : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

प्राप्तिकर विवरणपत्रासाठी आमच्याकडे आलेले पासबुक तपासताना व्याजाच्या नोंदींपेक्षा एका वेगळ्याच ओळीवर आमची नजर थबकते : खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने कर्जाचा हप्ता परत गेल्याचे शुल्क, ५९० रुपये. त्यातले ५०० रुपये बँकेचे आणि १८ टक्के दराने ९० रुपये जीएसटी. कर्ज देणारी संस्था आपला दंड वेगळा लावते, आणि तो हप्ता लगेच भरला गेला नाही तर थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते, जिथे मागच्या ३६ महिन्यांच्या परतफेडीचा तपशील दिसत असतो. पुष्कळदा पैशांची अडचण नसतेच. पगार ७ तारखेला जमा होतो आणि हप्ता ५ तारखेला कापला जातो, एवढेच कारण असते. अशा वेळी हप्त्याची तारीख बदलण्याची लेखी विनंती करावी आणि ती मान्य होईपर्यंत एका हप्त्याइतकी रक्कम खात्यात राखून ठेवावी.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या क्रेडिट अहवाल तयार करणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून अहवाल मागवल्यास वर्षभर विनाखर्च लक्ष राहते. स्वतःचा अहवाल पाहिल्याने त्यातले आपल्या पतीचे गुण (क्रेडिट स्कोअर) कमी होतात, हा समज चुकीचा आहे. अहवालात गुणांचा आकडा पाहून थांबू नये. न घेतलेले कर्ज, फेडूनही चालू दिसणारे खाते, वापरात नसलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक शुल्कातून वाढत गेलेली बाकी आणि विशेषतः आपण ज्यांना जामीन राहिलो त्यांची कर्जे बारकाईने वाचावीत. नातेवाइकाचा थकलेला हप्ता जामीनदाराच्या गृहकर्जाच्या आड येतो, हे सही करताना कोणी सांगत नाही. चूक आढळल्यास त्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा आपल्याला हक्क आहे.

एटीएमचे शुल्क टाळणे त्यामानाने सोपे आहे. स्वतःच्या बँकेचे महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. इतर बँकांचे मुंबईसारख्या महानगरांत तीन, तर अन्यत्र पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर कर लागू शकतो.

नोकरी बदलल्यावर जुने पगार खाते साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होऊ शकतो. हे खाते बंद करावे. मात्र त्यावरचे विम्याचे व एसआयपीचे (म्युच्युअल फंडातील नियमित गुंतवणुकीचे) हप्ते आधी दुसऱ्या खात्यावर वळवून घ्यावेत. या दंडामुळे बचत खात्यातील शिल्लक उणे होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तशी ती झाली असल्यास बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी. अर्जाचा मसुदा करण्यास आमचे कार्यालय मदत करील. येताना पासबुक आणि बँकेची पोच सोबत आणावी.