देवाचे भय आणि माणसांची भीती

देवाचे भय : ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत धारणा. माणसाच्या जगण्याचा शेवटचा निवाडा देवाच्या हाती आहे, म्हणून त्याचा आदरयुक्त धाक बाळगावा आणि राजा, जमाव, नातलग किंवा स्वतःचेच धर्मबांधव यांच्या दडपणाखाली त्याची आज्ञा मोडू नये, असा तिचा आशय आहे. यहुदी धर्मग्रंथांतून ती ख्रिस्ती परंपरेत आली. नीतिसूत्रांच्या ग्रंथात परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ मानला आहे (१:७) आणि मनुष्याची भीती हा फास आहे, असेही त्याच ग्रंथात म्हटले आहे (२९:२५). ही दोन वचने एकमेकांपासून बरीच दूर आहेत. ख्रिस्ती उपदेशकांनी मात्र ती अनेकदा जोडीने वाचली आहेत.

जुन्या करारातील याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण दोन सुइणींचे आहे. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर तो जन्मताच मारून टाका, असा हुकूम मिसरच्या फारोने शिप्रा आणि पुवा यांना दिला. ‘पण त्या सुइणी देवाला भिणाऱ्या होत्या’, एवढेच कारण देऊन निर्गमाचा ग्रंथ सांगतो की त्यांनी मुलगे जिवंत ठेवले. या कथेत राजाचे नाव कुठेच येत नाही, सुइणींची नावे मात्र नोंदवलेली आहेत. याच्या उलट टोकाला शौल राजा आहे. देवाची आज्ञा मोडल्याबद्दल शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारल्यावर तो कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले (१ शमुवेल १५:२४). सिंहासनावर बसलेला माणूसही प्रजेच्या नाराजीला भिऊ शकतो, हे या प्रसंगातून दिसते.

देवाचे भय कुठे उपयोगी पडते, हे लेवीय ग्रंथातील दोन नियमांत फार स्पष्ट आहे, आणि या विषयावरील चर्चेत त्यांची आठवण क्वचितच होते. बहिऱ्याला शाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस, आपल्या देवाचे भय बाळग (१९:१४). आणि दारिद्र्यामुळे चाकरीला राहिलेल्या बांधवावर कठोरपणे सत्ता चालवू नकोस, आपल्या देवाचे भय बाळग (२५:४३). बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही, आंधळ्याला धोंडा कुणी ठेवला ते दिसत नाही, चाकराला दाद मागायला जागा नसते. जिथे माणसांचा धाक उरतच नाही, अशा ठिकाणी दुबळ्याचे रक्षण करणारी गोष्ट म्हणून देवाचे भय इथे सांगितले आहे. या धारणेच्या नावाखाली पुढे जे काही झाले, ते या दोन नियमांच्या कसोटीला लावून पाहण्याजोगे आहे.

नव्या करारात येशूचे सर्वपरिचित वचन बारा शिष्यांना पाठवतानाच्या उपदेशात येते (मत्तय १०). शरीराला मारणारे पण आत्म्याला मारू न शकणारे जे आहेत त्यांना भिऊ नका, आत्मा आणि शरीर या दोहोंचा नाश करू शकतो त्याला भ्या, असे तो सांगतो. कित्येक प्रवचने या वाक्यापाशीच थांबतात आणि नरकाकडे वळतात. येशू तिथे थांबत नाही. लगेचच तो दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी बोलतो: त्यांतली एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही, तुमच्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, म्हणून भिऊ नका. ज्याला भ्यायचे तोच चिमण्यांची काळजी वाहणारा पिता आहे. हा दुवा तुटला की संपूर्ण शिकवणीचा अर्थच पालटतो.

माणसांची भीती म्हणजे दरवेळी तलवारीची भीती नसते, याची उत्तम जाण योहानाच्या शुभवर्तमानाला आहे. येशूमुळे जन्मांध मुलाला दृष्टी आल्यावर त्याचे आईवडील साक्ष द्यायचे टाळतात. ‘तो वयात आला आहे, त्यालाच विचारा’ म्हणतात, कारण सभास्थानातून बहिष्कृत होण्याची त्यांना धास्ती आहे (९:२२). अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण परूशी या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांमुळे तो बोलून दाखवला नाही. देवाकडच्या गौरवापेक्षा त्यांना माणसांकडचा गौरव प्रिय होता, असे हे शुभवर्तमान नोंदवते (१२:४२–४३). पंगतीतून उठवले जाण्याची भीती मरणाच्या भीतीइतकीच माणसाला गप्प करते.

या दृष्टीने येशूचा शिष्य पेत्र याचे आयुष्य अभ्यासण्यासारखे आहे. येशूला अटक झाल्यावर महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात एका दासीच्या प्रश्नाने तो डगमगतो आणि आपण येशूला ओळखतच नाही म्हणतो. पुढे यरुशलेममध्ये धर्मसभेसमोर उभा राहून तोच ठणकावतो की आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये ५:२९). कथा इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. पण प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियातली हकिकत सांगतो. तिथे पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीतील पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर, सुंतेचा आग्रह धरणाऱ्या मंडळींच्या भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. चाबकाच्या फटक्यांना न भ्यालेला प्रेषित आपल्याच मंडळीतल्या लोकांना भ्याला. माणसांच्या भीतीवर एकदा विजय मिळवला की ती कायमची जाते, असे नव्या कराराला वाटत नाही.

‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ (१ योहान ४:१८) हे वचन देवाच्या भयाशी कसे जुळवायचे, हा धर्मशास्त्रज्ञांपुढचा जुना प्रश्न आहे. संत ऑगस्टिनने त्यावर दोन पत्नींचा दृष्टान्त दिला. व्यभिचारी पत्नीला नवरा घरी येईल याची भीती वाटते; पतिव्रतेला तो आपल्याला सोडून जाईल याची. पहिली भीती प्रेम वाढले की निघून जाते, दुसरी प्रेमाबरोबरच वाढते. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने याची बारकाईने मांडणी केली. लौकिक भय माणसाला देवापासून तोडते, दासाचे भय शिक्षेकडे पाहते, लेकराचे भय पित्याला दुखावण्याला भिते. दासाच्या भयाकडून लेकराच्या भयाकडे जाताना एक आरंभीची अवस्था असते. यशयाच्या अकराव्या अध्यायाच्या आधारे कॅथलिक परंपरा देवाच्या भयाला पवित्र आत्म्याच्या सात दानांत गणते आणि बाप्तिस्मा झालेल्यांचा विश्वास दृढ करणाऱ्या दृढीकरण संस्काराच्या वेळी ती दाने मागितली जातात. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ देताना देवाचे भय, प्रीती आणि भरवसा हे तीनही एकाच वाक्यात ठेवले.

ही शिकवण सत्तेला सरसकट झुगारा, असे सांगत नाही. ‘देवाचे भय धरा, राजाचा मान राखा’ (१ पेत्र २:१७) यात दोघांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प याने हा फरक प्राण देऊन पाळला. कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नावाने शपथ घ्यायला त्याने नकार दिला, शहाऐंशी वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, असे सांगितले. जमावाची समजूत घाल, असे प्रांताधिपतीने सुचवल्यावर तो म्हणाला की अधिकाऱ्यांचा यथायोग्य मान राखायला आम्हांला शिकवले आहे, म्हणून तुम्हांला मी आमचे म्हणणे समजावून सांगेन. जमावापुढे मात्र सफाई देणार नाही. त्याला जाळण्यात आले.

आधुनिक काळातले सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्ट्स येगरश्टेटर (१९०७–१९४३) याचे आहे. सेंट राडेगुंड या खेड्यात तो शेती करी आणि पुढे गावच्या चर्चची सेवाचाकरीही पाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्याच्या प्रश्नावर मतदान झाले तेव्हा गावात विरोधी मत देणारा तो एकटाच होता. त्याच वर्षी त्याला एक स्वप्न पडले: एका झगमगीत आगगाडीत बसायला आबालवृद्ध धावत आहेत आणि आवाज येतो की ही गाडी नरकाला चालली आहे. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे आणि त्यात लढणे पाप आहे, या निष्कर्षावर तो आला. शेजारी, नातलग, गावचे पाद्री सगळ्यांनी त्याला परोपरीने विनवले. लिंझचे बिशप योझेफ फ्लीसर यांनीही कुटुंबाची जबाबदारी पुढे करून हुकूम पाळण्याचाच सल्ला दिला. युक्तिवाद पोकळ नव्हता. घरी पत्नी फ्रान्सिस्का आणि तीन लहान मुली होत्या. फ्रान्सिस्कानेही आधी त्याचे मन वळवायचा प्रयत्न केला, मग मात्र ती त्याच्या पाठीशी ठाम राहिली.

मार्च १९४३ मध्ये एन्स येथे हजर होऊन त्याने शस्त्र घ्यायला नकार दिला. जखमींची शुश्रूषा करायची त्याची तयारी होती. तिचा उपयोग झाला नाही. हात बेड्यांत असले तरी इच्छा बेड्यांत असण्यापेक्षा ते बरे, असे त्याने तुरुंगातून लिहिले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. युद्धानंतरही फ्रान्सिस्काला काही वर्षे निवृत्तिवेतन नाकारले गेले, आणि घर टाकून मरणारा माणूस म्हणून गावात त्याची निंदा होत राहिली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझमध्ये त्याला ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्सिस्का समारंभाला हजर होती. येगरश्टेटरला नाझींइतकाच आपल्या माणसांच्या मायेचाही सामना करावा लागला. माणसांची भीती अनेकदा प्रेमाच्या आणि कर्तव्याच्या भाषेतच बोलते.

या धारणेचा गैरवापरही झाला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. देवाचा धाक दाखवून धर्माधिकाऱ्यांनी तो स्वतःकडे वळवून घेतला, प्रश्न विचारणाऱ्यांना नरक दाखवून गप्प केले. लहान मुलांना देवाच्या नावाने घाबरवणारे शिक्षण कित्येक घरांत आणि शाळांत दिले गेले. ‘मी फक्त देवालाच भितो’ म्हणणारे दुसऱ्यांना घाबरवू लागले, तर लेवीय ग्रंथातला आंधळा आणि बहिरा पुन्हा निराधार होतो.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात या शिकवणीचा कस सरकारपुढे लागला नाही, तो जातीपुढे आणि घरापुढे लागला. जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा लोकनिंदेच्या भीतीने गुप्तपणे काम करी. तिचे एक सभासद बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावला उघडपणे बाप्तिस्मा घेतला. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आप्तांच्या आधाराने वेगळे राहावे लागले, आणि या ताटातुटीची खरी किंमत त्यांनी मोजली. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी पुढे जाते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यामुळे मायदेशात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण काय मानावे आणि कसे बोलावे हे तिथल्या चर्चमधली वडीलधारी मंडळी ठरवू लागली, तेव्हा १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी स्पष्ट लिहिले की भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जू आपण मानेवर घेणार नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अनाथ मुली, विधवा आणि दुष्काळग्रस्त स्त्रियांना आसरा दिला, आणि ती संस्था कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात जाऊ दिली नाही.