एका जिल्ह्याचा एक पाऊस नसतो : खान्देशच्या हवामान परिषदेमागची गोष्ट

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खान्देशात अनेक घरी मातीची चार ढेकळं मांडून त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद ही त्या ढेकळांची नावं. घागर पाझरते. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाणी चांगलं, जे कोरडं राहिलं त्या महिन्यात ओढ. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं वर्षही याच दिवशी बदलतं, त्यामुळे घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा त्या ढेकळांकडे बघतो आणि आपला अंदाज सांगून जातो. ढेकळांवरून पाऊस कळतो असं मी म्हणणार नाही. पण पावसावर चार माणसांनी मिळून बोलायची इथली सवय किती जुनी आहे, ते त्यातून नक्की कळतं. हवामानशास्त्रज्ञ, शिक्षक आणि घरी वही ठेवणारे हौशी अशा तिघांची खान्देशापुरती एक परिषद दरवर्षी भरावी, असं आम्हा काही शिक्षकांना वाटतं. ते का वाटतं, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

आपल्याकडे पावसाची सरकारी मोजणी पक्की झाली ती संकटांमुळे. १८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला आणि १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. आपल्या भागानेही तेव्हा दोन्ही टोकं पाहिली. १८७२ च्या पुराने धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान केलं, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ तर ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षं राहिला. संवत १९५६ होतं, म्हणून छप्पन.

पण रोजचा आकडा आणायचा कोणी? तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असे आणि तिथला कारकून किंवा शिपाई सकाळी जाऊन पाणी मोजत असे. त्यातला कोणी शास्त्रज्ञ नव्हता. आज शंभर वर्षांची सरासरी म्हणून जो आकडा आपण वाचतो, त्याच्या पायाशी अशा माणसांचं काम आहे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण परिषदेत ‘साध्या’ माणसाचं काय काम, असा प्रश्न हमखास येतो.

खात्याचं मुख्यालय १९२८ साली पुण्याला आलं. तिथेच १९३२ मध्ये कृषी हवामानाची शाखा सुरू झाली आणि एल. ए. रामदास यांनी शेतात, जमिनीलगत तापमान मोजायला घेतलं. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर तिच्या थोडी वर, वीतभर ते हातभर उंचीवर असते, हे त्यांनी दाखवलं. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. आज त्या थराला रामदासांचंच नाव आहे. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र निघू लागलं.

परिषदांचा इतिहासही जुना आहे. १८७३ साली व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली. आपल्याकडे १९५६ मध्ये भारतीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली. अशा संस्थांची चर्चासत्रं होतात, निबंध वाचले जातात. ते काम मोठंच आहे, पण तिथे रावेरचा केळीवाला किंवा साक्रीचा भूगोलाचा मास्तर क्वचितच पोचतो.

आणि खान्देशचं हवामान स्वतंत्र बसून समजून घ्यावं असंच आहे. नवापूरला घाटाकडचा भरपूर पाऊस, आणि तिथून पूर्वेला शिंदखेड्यात नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं जातं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा, मधून पश्चिमेकडे धावणारी तापी. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून पुढे सरकला की तापी-पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात धो धो पडतं, आणि इकडे ऊन असताना तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. जिल्ह्याची सरासरी यातलं काहीच सांगत नाही.

केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आला तेव्हापासून तर हवामान थेट पैशात मोजलं जाऊ लागलं. थंडी, ऊन, वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर भरपाई. मर्यादा ओलांडली की नाही, हे महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र ठरवतं. माझ्या भावाची बाग मे महिन्यातल्या वादळात आडवी झाली, आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या केंद्रात वारा मर्यादेच्या आतच नोंदला गेला होता. तेव्हापासून आमच्या गावात सगळेच त्या केंद्राच्या यंत्राच्या खांबाकडे बघायला शिकले. यंत्र कुठे उभं आहे, भोवती झाडं-भिंती आहेत का, कोण तपासतं, हे प्रश्न आता पारावर विचारले जातात. उत्तर द्यायला मात्र समोर कोणी नसतं. कृषी विज्ञान केंद्रांमधून जिल्हा पातळीवर हवामान सल्ला देणारे कक्ष सुरू झाले होते. २०२४ साली देशभरातले ते कक्ष बंद करण्यात आले.

आमच्या शाळेत आम्ही पर्जन्यमापक बसवला तो निंबाच्या झाडाजवळ, सावली बरी म्हणून. पहिला पावसाळा आमचा आकडा कचेरीच्या आकड्यापेक्षा कमीच येत राहिला. एके दिवशी कचेरीतून निवृत्त झालेले एक आबा नातीला सोडायला आले, थांबले, झाडाकडे बघून म्हणाले, “सर, झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट लांब न्या याला.” आम्ही तो मैदानात हलवला. मग त्यांनी सातवीच्या मुलांना मापपात्र डोळ्यांसमोर धरून पाण्याच्या वक्राचा खालचा तळ वाचायला शिकवलं. वेळ साडेआठ, रोज, रविवारीसुद्धा. अडीच मिलिमीटर झाला तरच तो पावसाचा दिवस.

आबांच्या घरी त्यांच्या स्वतःच्या नोंदींच्या वह्या आहेत, नोकरी संपल्यानंतरच्याही. पाऊस, वाऱ्याची दिशा, आणि समासात पावसाचं नक्षत्र व पंचांगात दिलेलं त्याचं वाहन. आजवर त्या कोणी मागितल्या नव्हत्या. मुलं त्या सध्या संगणकावर उतरवून घेत आहेत. मृग झालं, आर्द्रा चालू आहे.