नाकावरचा राग आणि मंदक्रोध

बायबलमध्ये ‘देव प्रीती आहे’ असंही लिहिलंय आणि ‘देवाचा क्रोध’ हेही शब्द आहेत. ही दोन जुळवायची कशी, असं विचारणारे खूप भेटतात. घोळ बहुतेक वेळा प्रीतीच्या बाजूला नसतो. ‘क्रोध’ वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर आपलाच राग येतो, काल संध्याकाळी घरात झालेला. तो राग देवाला चिकटवला की मग प्रीतीशी कसं जुळणार?

शब्द एकच आहे, ही त्यातली खरी अडचण. ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात शुभवर्तमानकार मार्क येशूच्या रागाला ‘ओर्गे’ म्हणतो, आणि माणसाच्या रागाने देवाचं नीतिमत्त्व घडत नाही असं सांगणारा याकोबही ‘ओर्गे’च म्हणतो. त्यामुळे शब्दकोश उघडून हा फरक सापडत नाही, प्रसंगच बघावे लागतात.

जुन्या कराराच्या इब्रीत मात्र एक गंमत आहे. तिथे रागासाठी नेहमी येणारा शब्द ‘अफ’, आणि त्याचा मूळ अर्थ नाक. ‘राग नाकावर असणं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. निर्गम ३४:६ मध्ये, लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केल्याचं प्रकरण नुकतंच घडून गेलेलं असताना, देव मोशेला स्वतःची ओळख करून देतो. त्यात एक विशेषण आहे, ‘एरेख अप्पायिम’. शब्दशः बघितलं तर ‘लांब नाकाचा’. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंदक्रोध’ हा सुरेख शब्द योजलाय. आपला राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला, देवाचा मात्र लांबून यायचा. पण यायचा, हेही विसरू नये, कारण पुढच्याच वचनात तो दोषीला निर्दोष ठरवत नाही असंही सांगतो. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, आणि मोशेला त्यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही. तो सरळ जमिनीपर्यंत लवून नमन करतो.

दोन्ही राग शेजारीशेजारी बघायचे तर योनाचा चौथा अध्याय उघडावा. निनवे ही इस्राएलचा शत्रू असलेल्या अश्शूरची नगरी, आणि अश्शूरचं क्रौर्य सगळ्यांना माहीत. देवाने तिथे जायला सांगितलं तेव्हा संदेष्टा योना आधी पळून गेला होता. शेवटी तो तिथे जाऊन, चाळीस दिवसांत नगरी उलथेल, असं सांगतो. लोक पश्चात्ताप करतात, देव अरिष्ट टाळतो आणि योना भडकतो. भडकून काय म्हणतो? तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून तर मी पळालो होतो! मोशेपुढे उच्चारलेले तेच शब्द, इथे तक्रार म्हणून. मग तो गावाबाहेर जाऊन बसतो. त्याच्या डोक्यावर सावलीला एक रोप उगवतं, दुसऱ्या दिवशी कीड लागून सुकतं, आणि योना पुन्हा तितकाच भडकतो. शत्रूचं शहर वाचलं तेव्हा मरण मागितलं, सावली गेली तेव्हाही मरणच मागितलं. आपल्या रागाला माप नसतं ते असं. कुठल्या गोष्टीचं काय मोल, हे तो बघतच नाही. आपल्याला किती लागलं, तेवढंच बघतो.

देव मात्र मोजून बोलतो. उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं, शिवाय पुष्कळ गुरंढोरं. (ती गुरंढोरं मला फार आवडतात. पुस्तकाचा शेवटच त्यांच्यावर होतो.) चाळीस दिवसांची मुदत दिली होती ती शिक्षा टळावी म्हणूनच. योनाला सूड हवा होता, तिथे मुदत हाच अडथळा.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायातला प्रसंग छोटासाच आहे. शब्बाथाचा, म्हणजे काम वर्ज्य असलेला विसाव्याचा दिवस, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस, आणि येशू त्याला बरं करतो का, हे टिपायला बसलेले लोक. येशू रागाने सभोवार बघतो आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे दुःखी होतो. राग आणि दुःख एकाच वाक्यात. पुढे त्या रागातून काय निघतं? ‘हात लांब कर.’ हात बरा होतो. टिपणारे मात्र बाहेर पडून त्याला ठार कसं करावं याची मसलत करतात.

क्रोध पुसूनच टाकण्याचा उपाय जुना आहे. जुन्या कराराचा कठोर देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं दुसऱ्या शतकातल्या मार्सियन नावाच्या शिक्षकाने सांगितलं. सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. विसाव्या शतकात नव्या कराराचे अभ्यासक सी. एच. डॉड यांनी सौम्य मार्ग काढला. त्यांच्या मते प्रेषित पौलाच्या लिखाणात ‘क्रोध’ म्हणजे देवाची भावना नव्हे, पापाचं आपोआप येणारं फळ. दुसरे अभ्यासक लिऑन मॉरिस यांनी त्याला जोरदार हरकत घेतली. मला डॉड अर्धे बरोबर वाटतात. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाचा क्रोध प्रकट होतो म्हटल्यावर वीज कोसळत नाही. देवाने पापी माणसांना त्यांच्याच वासनांच्या ‘स्वाधीन केलं’, असं तीनदा येतं. पण ‘केलं’ म्हटलंय, ‘झालं’ नाही. कर्ता देवच आहे. ज्याला कशाचंच काही वाटत नाही असा देव पीडितांच्या काय कामाचा, हाही प्रश्न उरतोच.

तरी क्रोध आणि प्रीती हे तराजूचे दोन पारडे नव्हेत. सृष्टी नव्हती तेव्हाही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रीती होती, क्रोधाला तेव्हा कारणच नव्हतं. ‘देव प्रीती आहे’ असं लिहिणारा योहान ‘देव क्रोध आहे’ असं कुठेच लिहीत नाही. ज्यांच्यावर प्रीती आहे त्यांना पाप गिळायला लागलं, तेव्हा त्याच प्रीतीने पापापुढे घेतलेलं रूप म्हणजे क्रोध, असं मी समजतो.

वधस्तंभाबद्दल अनेकांच्या मनात एक चित्र घट्ट बसलेलं असतं. पिता संतापलेला, पुत्र मवाळ, आणि पुत्र मध्ये पडून आपल्याला वाचवतो. हे चित्र चुकीचं आहे, आणि ते जितक्या लवकर जाईल तितकं बरं. माणूस देवाला शांत करायला बळी घेऊन जातो, ही रीत जगभर दिसते. रोमकरांस ३:२५ मध्ये मात्र प्रायश्चित्त पुढे ठेवणारा देवच आहे. आपण पापी असतानाच त्याने प्रीती दाखवली, हे त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात. पुत्रालाही कुणी ढकललेलं नाही. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, असं तो योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो.

आणि रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं ते ‘स्वाधीन केलं’, ग्रीकमध्ये ‘पारेदोकेन’, पौल आठव्या अध्यायात पुन्हा वापरतो. देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही, तर आपल्या सर्वांसाठी त्याला स्वाधीन केलं, असं ८:३२ म्हणतं. क्रोध सांगताना जे क्रियापद आलं होतं, तेच इथे पुत्रासाठी आलंय.