जीयूआय प्रोग्राममधील अपवाद-हाताळणी

खिडक्या, बटणे व मेनू यांवर (ग्राफिकल यूजर इंटरफेस, म्हणजे जीयूआय) चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अनपेक्षित चूक उद्भवल्यास ती कोठे पकडावी, वापरणाऱ्याला काय सांगावे आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवावा की बंद करावा, यासंबंधीच्या पद्धती. अशा चुकीसाठी ‘अपवाद’ हा पारिभाषिक शब्द असला, तरी प्रोग्रामरांच्या बोलण्यात ‘एक्सेप्शन आला’ हेच रूढ आहे.

अपवादाच्या कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तो लिस्प भाषेत शोधावा लागतो. १९६२ च्या लिस्प १.५ मधील ‘एररसेट’मुळे चुकीचा परिणाम ठरावीक चौकटीपुरता रोखता येई. दुसरे मत पीएल/वन या भाषेतील ‘ऑन’ विधानांकडे (साधारणतः १९६० च्या दशकाचा मध्य) बोट दाखवते. एररसेट चूक अडवी, पण चुकीच्या प्रकारानुसार वेगळा उपाय योजण्याची सोय त्यात नव्हती. पीएल/वनमध्ये शून्याने भागाकार, फाइलचा शेवट अशा स्थितींना स्वतंत्र नावे होती व प्रत्येकीला वेगळा उपाय जोडता येई. आजच्या अर्थाने पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जॉन गुडइनफ यांनी १९७५ मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. पुढील वाद मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरला : चूक निस्तरल्यावर जिथे ती घडली तिथूनच पुढे जावे (पुनरारंभ), की ते काम अर्धवट सोडून बाहेर पडावे (समाप्ती)? पीएल/वन व मेसा या भाषांत पुनरारंभाला वाव होता. बार्बरा लिस्कोव्ह व सहकाऱ्यांच्या सीएलयू भाषेने समाप्ती स्वीकारली आणि अँड्र्यू केनिग व ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सी++ साठी १९९० मध्ये मांडलेल्या आराखड्यातही तीच आली. मेसामध्ये पुनरारंभाचा प्रत्यक्ष उपयोग फारसा होत नसल्याचा अनुभव या निर्णयामागे होता.

समाप्तीच्या या निवडीमुळेच जीयूआय प्रोग्राममध्ये खरी अडचण उभी राहते. अशा प्रोग्रामचा प्रवाह ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररीच्या, हातात असतो. बटण दाबले की इव्हेंट लूप (अशा घटना, म्हणजे इव्हेंट, एकामागून एक घेणारे लायब्ररीतील चक्र) प्रोग्रामरने लिहिलेले फंक्शन बोलावतो. त्या फंक्शनातून अपवाद बाहेर पडला, तर तो लायब्ररीच्या आणि कधी कधी कार्यप्रणालीच्याही कोडमधून मागे जातो. तो कोड अशा प्रवासासाठी लिहिलेला असेलच असे नाही. ६४ बिट विंडोजच्या काही आवृत्त्यांत खिडकीच्या संदेश-फंक्शनातून निसटलेले अपवाद मधल्यामध्ये गिळले जात आणि प्रोग्राम काहीच न घडल्यासारखा चालू राहत असे.

क्यूट ही सी++ मधील जीयूआय लायब्ररी याचे बोलके उदाहरण आहे. ती १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक आले १९९८ मध्ये. त्यामुळे आरंभीच्या रचनेत अपवादांवर विसंबून राहणे शक्य नव्हते, असे मानावयास जागा आहे. सिग्नलने (घटना घडल्याची सूचना) बोलावलेल्या स्लॉटमधून (तिला प्रतिसाद देणारे फंक्शन) अपवाद बाहेर पडू देऊ नये, तो स्लॉटमध्येच पकडावा, असे क्यूटचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात. तसे केले नाही तर परिणाम अनिश्चित. क्यूट ५ मध्ये इव्हेंट हाताळताना निसटलेल्या अपवादाबद्दल इशारा छापला जातो आणि अपवाद उगमाशीच पकडणे अगदीच अशक्य असेल तर ‘नोटिफाय’ हे फंक्शन पुन्हा लिहून तेथे अपवाद अडवावा, असे सुचवले जाते. हा दुसरा मार्ग शेवटचा आधार म्हणूनच योग्य. ‘जतन करा’ या बटणाचा स्लॉट पाहावा : तो आधी बटण निष्क्रिय करतो, माउसचे चिन्ह ‘थांबा’चे करतो, मग फाइल लिहू लागतो आणि डिस्क भरल्याने अपवाद फेकला जातो. ‘नोटिफाय’ने तो पकडला, प्रोग्राम वाचला. पण बटण करडेच राहिले, चिन्ह फिरतच राहिले आणि माणसाचे लेखन जतन झालेच नाही. बटण व चिन्ह पूर्ववत करण्याचे काम स्थानिक वस्तूच्या डिस्ट्रक्टरवर (वस्तू नष्ट होताना आपोआप चालणारे फंक्शन) सोपवले आणि अपवाद स्लॉटमध्येच पकडून ‘डिस्क भरली आहे’ असे सांगितले, तर त्याला जागा मोकळी करून पुन्हा तेच बटण दाबता येते.

अन्य लायब्ररींनी वेगळे मार्ग धरले. डेल्फीमध्ये (१९९५) निसटलेला अपवाद संदेशपेटीत दाखवून लूप चालू ठेवतात. विंडोज फॉर्म्सच्या परिचित पेटीत ‘पुढे चालू’ व ‘बाहेर पडा’ अशी बटणे असतात. येथील ‘पुढे चालू’ म्हणजे वर सांगितलेला पुनरारंभ नव्हे. बिघडलेला इव्हेंट सोडून पुढचा घेणे, इतकाच त्याचा अर्थ. पायथनची टीकेइंटर ही लायब्ररी चुकीचा माग त्रुटी-प्रवाहावर छापते. टर्मिनलशिवाय चालवलेल्या प्रोग्राममध्ये तो कोणाच्याच नजरेस पडत नाही. क्यूट पायथनमधून वापरू देणाऱ्या पायक्यूटने ५.५ पासून कठोर धोरण घेतले : अपवाद हाताळणारे खास फंक्शन (हुक) बसवलेले नसेल, तर न पकडलेला पायथन अपवाद प्रोग्राम बंद पाडतो. जीटीके ही लायब्ररी मूळ सी भाषेत असल्याने तेथे अपवादांऐवजी चुकीची नोंद ठेवणारी रचना परत केली जाते.

पार्श्वभूमीच्या थ्रेडमधील (मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या प्रवाहातील) अपवाद मुख्य खिडकीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. क्यूट कन्करंटमध्ये (क्यूटचा समांतर कामांसाठीचा भाग) ‘क्यूएक्सेप्शन’पासून घडवलेला अपवाद निकाल मागणाऱ्या थ्रेडमध्ये पुन्हा फेकला जातो.